पांढऱ्या गोळीचा पत्ता

१

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मोशीच्या घाटावर निर्माल्य सोडायला आलेल्या दोघांनी उद्धवरावांना पाण्यातून ओढून काढलं. ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहून थोरल्या भावाशी भांडत होते. "खंडू, तू म्होरं जाऊ नको, थांब, मी आलो," असं चाललं होतं. खंडू अकरा वर्षांपूर्वी वारला होता.

भोसरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं. वय त्र्याहत्तर, पार्किन्सन आठ वर्षांचा. हात कापणं, पाय अडखळणं हे सगळं जुनं होतं. नवं होतं ते निराळंच. जीभ लाकडासारखी कोरडी, डोळ्यांच्या बाहुल्या भर उजेडात टपोऱ्या, मे महिन्याचं ऊन असून अंगाला घाम नाही, लघवी अडलेली. वर समोरच्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी बसलंय अशी पक्की खात्री.

"चिठ्ठीबाहेरचं काहीतरी यांच्या पोटात जातंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकदा नाही, बरेच दिवस. घरात औषधं कोण देतं?"

खाटेभोवती चार माणसं होती: बायको रुक्मिणीबाई, मुलगा नवनाथ, मुलगी स्वप्नाली आणि सून करिष्मा. तिघांच्या माना एकाच दिशेला वळल्या. करिष्माला मात्र आपली मान कुठं वळवावी ते कळेना.

सासऱ्यांचा गोळ्यांचा डबा दर रविवारी तीच भरायची. सात दिवस, दिवसाला चार वेळा, असे अठ्ठावीस कप्पे. चाकणच्या एका कंपनीत ती क्वालिटी तपासणीला होती, तेव्हा मोजण्यात चूक करणाऱ्यांतली नव्हती. तेच तिच्यावर उलटलं. "चूक करणारी असती तर चूक म्हटलं असतं," स्वप्नाली म्हणाली.

संध्याकाळपर्यंत स्वप्नालीनं नातेवाइकांच्या त्रेसष्ट जणांच्या ग्रुपवर टाकलं, "आबांना घरातूनच विष दिलं जातंय. नाव सांगायची गरज नाही." ज्यांना नाव कळलं नाही त्यांनी फोन करून विचारून घेतलं. बुधवारी रुक्मिणीबाईंनी सुनेच्या हातचा चहा न पिता तसाच ओट्यावर ठेवला. करिष्मानं एक बॅग भरली आणि भोसरीत मैत्रिणीच्या भाड्याच्या खोलीवर गेली.

तक्रारीचा अर्ज लिहून तयार होता. शुक्रवारी संध्याकाळी तो चौकीत जायचा होता. तो एकदा गेला की करिष्मावर सासऱ्याला विष घातल्याचा शिक्का बसणार होता, आणि तो पुसून देणारं खातं अजून निघालेलं नाही.

२

शमीम मुलाणी गेली बारा वर्षं चिठ्ठ्या मोजत होती. भोसरी ते चाकण तीस मेडिकल दुकानं. दर महिन्याला प्रत्येक दुकानात स्टूल टाकून बसायचं आणि डॉक्टरांनी कुठल्या वयाच्या माणसाला काय लिहून दिलं याची नोंद करायची. नाव लिहायचं नाही. तिच्यासारखे मोजणारे देशभर होते. सगळ्यांची बेरीज झाली की कुठल्या रोगावर देश काय खातो, काय सोडतो, याचे आलेख निघायचे. आलेख कंपन्यांकडे जायचे, माणसं शमीमकडे उरायची. चिठ्ठी बघून माणूस बायकोशी काय खोटं बोलत असेल याचा अंदाज तिला यायचा. ती तो कुणाला सांगायची नाही, म्हणून सगळे तिला सगळं सांगायचे.

गुरुवारी सकाळी ती चुलतभाऊ शफीच्या दुकानात शिरली, तर शफी गिऱ्हाईक सोडून तिच्याकडे धावला.

"आपा, ती स्वप्नाली काल इथं तमाशा करून गेली. म्हणते, मीच मागच्या दारानं गोळी दिली तिच्या भावजयीला! लोक सुट्टे परत न घेता निघून गेले, सांगा."

"लोक सुट्टे सोडून गेले म्हणजे प्रकरण खरंच मोठं आहे," शमीम म्हणाली. "आणि भावजय कुठंय?"

शफीनं मान मागं केली. खोक्यांच्या आडोशाला करिष्मा बसली होती. तिच्या हातात दवाखान्यातली प्लॅस्टिकची पिशवी होती. आबांच्या खिशातलं सामान सिस्टरनं सून म्हणून तिच्याकडे दिलं होतं. पाणी कमरेपर्यंतच असल्यानं शर्टाचा खिसा कोरडा राहिला होता. कंगवा, घडी घातलेला रुमाल आणि गोळ्यांच्या पट्टीचा कात्रीनं कापलेला एक तुकडा. त्यात एक पांढरी गोळी शिल्लक होती.

"ही माझ्या डब्यातली नाही," करिष्मा म्हणाली. "डबा डॉक्टरांनी उघडून बघितला, सगळं चिठ्ठीप्रमाणे निघालं. पण ही मी दाखवली असती तर म्हणाले असते, हिनंच खिशात घातली."

शमीमनं चष्मा कपाळावर सरकवून गोळी बघितली. "ट्रायहेक्सी. कंपावरची जुनी गोळी. मी मोजायला लागले तेव्हा पार्किन्सनच्या म्हाताऱ्यांच्या चिठ्ठ्यांत सर्रास दिसायची. हात थांबतो, लाळ थांबते, पण म्हातारपणी डोक्यात धुकं करते. माणसं दिसायला लागतात. म्हणून डॉक्टरांनी हळूहळू ती सोडली आणि दुसऱ्या गोळ्यांवर आले. माझ्या वहीत दर वर्षी ती खालीच येतेय."

"पण विकली जातेच की," करिष्मा म्हणाली.

"जाते. मानसिक आजाराच्या तरुण पेशंटना, दुसऱ्या औषधाच्या जोडीला. साठीच्या वरच्या माणसाला या भागातल्या एकाही दुकानातून गेल्या चौदा महिन्यांत गेलेली नाही. शफी, तुझ्या पट्ट्या काढ."

शफीनं पट्ट्या ओतल्या, बिलं काढली. शमीमनं दोनदा मोजलं. एकही गोळी कमी नव्हती.

"दुकानातून नाही आली," ती म्हणाली, आणि तुकडा उलटा केला. चंदेरी कागदावर निळ्या बॉलपेननं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ४-ब-२.

"बॅच नंबर?" शफीनं विचारलं.

"बॅच नंबर छापलेला असतो, भावा. हा पत्ता आहे. चौथा रॅक, ब ओळ, दुसरा खण. असं मेडिकलवाले लिहीत नाहीत, गोडाऊनवाले लिहितात." तिनं करिष्माकडे बघितलं. "घरात गोडाऊनमध्ये कोण कामाला आहे?"

करिष्माचा चेहरा उतरला.

"माझा नवरा," ती म्हणाली.

३

चाकणच्या त्या गोडाऊनच्या गेटसमोर चहाची टपरी होती. जेवणाच्या सुट्टीत नवनाथ बाहेर आला. माणूस सरळ, अंगानं मजबूत. पण घरातल्या बायकांचं भांडण सुरू झालं की मोबाइलमध्ये डोकं घालणाऱ्यांपैकी. शमीमनं आपल्या मनातल्या वहीत त्याची नोंद तिथेच करून टाकली.

"मी बापाला मारीन का, ताई?" त्याचा आवाज चढला. "तुम्ही आमच्याच घरात चोर शोधताय?"

"घरातल्यांनीच एक शोधून ठेवलाय. मी फक्त उलटतपासणी करतेय." तिनं तुकडा पुढं केला. "हे अक्षर ओळखता?"

नवनाथनं बघितलं आणि कडवट हसला. "आमच्या गोडाऊनमध्ये पेन आत नेऊ देत नाहीत, ताई. सगळं स्कॅनरवर. असं हातानं लिहिणारी माणसं कधीच रिटायर झाली. मला तर चौथा रॅक कुठला ते मशीन सांगतं."

हे पटण्यासारखं होतं. शमीमनं चहाचा घोट घेतला.

"आबा अलीकडे कसे होते? म्हणजे माणसं दिसायला लागायच्या आधी?"

"दीड महिना एकदम झकास होते, राव! तेच तर कळत नाही. स्वतःची दाढी स्वतः करायला लागले. लाळ गळायची ती बंद झाली. आम्हाला वाटलं, नवीन औषध लागू पडलं. मागच्या पंधरवड्यात मात्र कोपऱ्यात कुणीतरी बसलंय म्हणायला लागले."

विष घालणाऱ्यानं आधी सहा-सात आठवडे माणसाला बरं केलं होतं. असला शत्रू शमीमच्या वहीत आजवर आला नव्हता.

"आणि तुमच्या बायकोचं काय?"

नवनाथनं कप खाली ठेवला. "ग्रुपवर स्वप्नालीताईनं लिहिलं. मी काय करणार?"

"खाली 'हे खोटं आहे' एवढं लिहायचं होतं. अंगठ्याला फार श्रम पडले नसते."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तसा तो सुटल्यासारखा उठला. मग गेटपाशी थांबून वळला. "ताई, आईला विचारा. आबा काय खातात ते आईशिवाय कुणाला माहीत नसतं."

४

मोशीला उद्धवरावांच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर स्वप्नालीनंच दार उघडलं.

"तुम्ही शफीच्या बहीण ना? भावाचं दुकान वाचवायला आलात."

"त्याच्यासाठी पण आलेय," शमीम म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण दुकान वाचवायला तुमचे आबा कशानं आजारी पडले तेच शोधावं लागतंय. म्हणजे काम दोघींचं एकच."

स्वप्नालीला हे अपेक्षित नव्हतं. ती बाजूला झाली. तिच्या डोळ्यांखाली दोन रात्रींचं जागरण होतं. बापाच्या मायेनंच ती पेटली होती, हेही शमीमनं नोंदवलं. मायेनं पेटलेली माणसं जास्त जाळतात.

रुक्मिणीबाई गॅलरीत रुमाल वाळत घालत होत्या.

"लाळंचं रुमाल लई धुवावं लागत असतील, काकू," शमीम म्हणाली.

"लागायचं की. दिसाला तीन. आता न्हाई. होळीपास्नं त्येंचा रुमाल कोरडाच हाय बघा. धुती आपली सवयीनं."

"होळीपासून?"

"व्हय. देवच पावला म्हनायचा. हात बी कमी कापायचा. सकाळचं खाली कट्ट्यावर जायचं, कंपनीतल्या जुन्या मानसांत बसायचं, अन् हसत वर यायचं."

"जायच्या आधी काही खायचे?"

रुक्मिणीबाई थबकल्या. "खायचं न्हाई. खिशातनं पुडीवानी कायतरी काढून तोंडात टाकायचं. मी इचारलं तर म्हनलं, सुपारी हाय. मी म्हनलं, असूद्या. इतक्या वर्सांनी मानूस हसाय लागलंय, सुपारीवरनं कशाला बोलू?"

"आई!" स्वप्नाली ओरडली. "आबांनी जन्मात कधी सुपारी खाल्ली नाही. तू हे डॉक्टरला का नाही सांगितलंस?"

"डॉक्टरनं इचारलं, औषध कोन देतं. सुपारी कोन देतं म्हून इचारलं न्हाई."

शमीम गॅलरीतून खाली बघत होती. कट्टा क्लबहाऊसला लागून होता, आणि क्लबहाऊसच्या मागच्या दारावर हातानं रंगवलेली पाटी होती: मोफत औषध पेढी. वेळ सकाळी ८ ते १०.

"ही पेढी कोण चालवतं?"

"अर्जुनकाका," स्वप्नाली म्हणाली. "आबांचे मित्र. देवमाणूस आहे. चौतीस वर्षं कंपनीत स्टोअरकीपर होते."

५

खोली आरशासारखी लख्ख होती. लोखंडी रॅक, प्रत्येक खणावर चिठ्ठी, प्रत्येक पट्टीवर निळ्या पेननं जागा. अर्जुनराव सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. शमीम सरळ चौथ्या रॅकपाशी गेली. ब ओळ, दुसरा खण. पांढऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या एकावर एक, कोपऱ्याला कोपरा लावून.

"एवढ्या कुठून आल्या, अर्जुनराव?"

"पिंपळे सौदागरच्या मोठ्या सोसायट्यांतून," ते अभिमानानं म्हणाले. "तिथले डॉक्टर औषध बदलतात, लोक कपाट रिकामं करून आमच्याकडे देतात. होळीला दोन खोकी आली. फेकून दिलं असतं हो सगळं! मी एक्सपायरी बघून लावतो. ज्याची तारीख जवळ, ते आधी द्यायचं."

"चिठ्ठीशिवाय?"

"छे! काय बोलता, मॅडम?" त्यांनी दुखावल्यासारखी एक फाइल काढली. उद्धवरावांच्या दोन चिठ्ठ्या त्यात तारखेनं लावलेल्या होत्या. एक तीन वर्षांपूर्वीची: ट्रायहेक्सी, दिवसातून तीनदा. दुसरी दोन वर्षांपूर्वीची, नव्या डॉक्टरची. तिच्यात ती गोळी नव्हती.

"नवीन चिठ्ठीत नाही ही," शमीम म्हणाली.

"नाही. पण रद्द कुठं केलीय?"

शमीमला आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

"कंपनीत ड्रॉइंग बदललं की बदलाचा कागद येतो," अर्जुनराव समजावून सांगू लागले. "मग जुन्या ड्रॉइंगवर लाल शिक्का मारायचा, रद्द. शिक्का नाही तोवर जुना पार्ट पण द्यायचा, नवा पण द्यायचा. चौतीस वर्षांत माझ्या स्टोअरमुळं लाइन एकदाही थांबली नाही. मी उद्धवला विचारलं, डॉक्टरनं ही बंद कर म्हणून सांगितलं का? तो म्हणाला, काही बोलले नाहीत, नुसती नवी लिहून दिली. मग? दुकानदार जुनी देईना म्हणून बिचारा दोन वर्षं तिच्याविना राहिला. मी म्हटलं, तुझ्या नावावर उचल शिल्लक आहे."

शमीम स्टुलावर बसली.

"डॉक्टर शिक्का मारत नाहीत, अर्जुनराव. त्यांनी लिहिलं नाही, म्हणजेच ती बंद. नव्या चिठ्ठीत तिच्या जागी दुसरी गोळी आहे. उद्धवराव ती डब्यातून घेत होते आणि ही खिशातून. दोन्ही एका वेळी. करिष्मानं डबा बरोबर भरला, तुम्ही पट्टी बरोबर दिली, आणि दोन बरोबर मिळून माणूस नदीत गेला."

अर्जुनरावांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारीशेजारी ठेवून पुन्हा वाचल्या.

शमीमला स्वतःचंही बरं वाटत नव्हतं. बारा वर्षं ती आलेख उतरताना बघत होती. देशानं एक गोळी सोडली, चांगलं झालं, असं म्हणून पान उलटत होती. सोडलेली गोळी जाते कुठं, हे तिच्या वहीत विचारलेलंच नव्हतं. शहाण्या डॉक्टरांच्या भागातून निघून ती इथं, कोपऱ्याला कोपरा लावून येऊन बसली होती.

"उचलीची वही दाखवा, कुणी काय नेलं ती."

वही सुंदर होती. ४-ब-२ पुढं अकरा नावं, सगळी साठीच्या वरची. दोन नावांपुढं त्याच निळ्या पेननं 'मयत' लिहिलेलं होतं.

"हे दोघं?"

"एक बाथरूममध्ये पडून गेला," अर्जुनराव म्हणाले. "दुसरी अंबुबाई. घरचे म्हणाले, शेवटी भ्रमिष्ट झाली होती. वयानं. मी... मॅडम, मी काय केलं?"

त्या दोघांना गोळीनं नेलं की वयानं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. शमीमनं फोन काढून डॉक्टरीणबाईंना गोळीचं नाव कळवलं. पलीकडून उत्तर आलं, "लक्षणं तंतोतंत जुळतात. आता ती पोटात जात नाहीये, तेव्हा उद्यापर्यंत डोकं बरंचसं ताळ्यावर यावं."

यावं. शमीमला तो शब्द खटकला. कारण वही बघून स्वप्नाली काय म्हणेल हे तिला आत्ताच ऐकू येत होतं: गोळी पेढीतली असेल, पण आबांना चारली कुणी? ते सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो कालपर्यंत मेलेल्या भावाशी बोलत होता.

६

शुक्रवारी दुपारी उद्धवराव उशीला टेकून बसले होते. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ते म्हणाले, "कुनीतरी बसा की तिथं." ते ऐकून डॉक्टरीणबाईंनी माणसांना आत सोडलं.

त्यांचा उजवा हात चादरीवर पुन्हा थडथडत होता. हनुवटीवर लाळेची धार आली होती, ती रुक्मिणीबाईंनी टिपली. स्वप्नालीच्या पर्समध्ये अर्ज होता. नवनाथ खिडकीशी. करिष्मा दाराच्या चौकटीत, आतही नाही आणि बाहेरही नाही. अर्जुनराव सकाळपासून पाच घरं फिरून आले होते. गोळी मनानं एकदम बंद करू नका, आजच डॉक्टरांकडे जा, असं प्रत्येक उंबऱ्यावर हात जोडून सांगत. तीन घरं राहिली होती.

शमीमनं पट्टीचा तुकडा चादरीवर ठेवला. "उद्धवराव, ही तुम्हाला कोण देत होतं?"

म्हाताऱ्यानं तुकड्याकडे बघितलं, मग अर्जुनरावांकडे, मग बायकोकडे. खोटं बोलायला जागा होती. शमीमनं त्याला ती शोधताना बघितलं.

"कोन देनार?" ते शेवटी म्हणाले. "माझा मीच घेत हुतो. अर्जुनानं दिली, पन मी मागितली म्हून दिली."

"आबा, तुम्ही घरी का नाही सांगितलं?" नवनाथ म्हणाला.

"करिष्माला सांगितलं असतं तर तिनं डॉक्टरला इचारलं असतं. डॉक्टर न्हाई म्हनलं असतं. मला न्हाई ऐकायचं न्हवतं." हात थडथडत होता; त्यांनी दुसऱ्या हातानं तो दाबला. "कट्ट्यावर चहा यायचा. माझा अर्धा कप शर्टावर. मग त्येंनी मला अर्धाच कप द्यायला सुरवात केली. कुनी कायबी बोललं न्हाई. न बोलता अर्धा. तीस वर्सं पावर प्रेस चालवली म्या, बोटं शाबूत ठिवून. ह्या गोळीनं भरलेला कप धरता यायचा."

उद्धवरावांनी चादरीवरचा तुकडा बाजूला सरकवला.

"पोरीला कुनी काय बोललं न्हाई ना?" त्यांनी दाराकडे बघत विचारलं.

या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणीच पुढं आलं नाही, तेव्हा त्यांना उत्तर कळलं. स्वप्नालीनं पर्समधून अर्ज काढला, चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. "झालं," ती म्हणाली. "विषय संपला."

"नाही संपला, ताई," करिष्मा म्हणाली. चार दिवसांत ती पहिल्यांदाच नणंदेशी बोलत होती. "तो कागद कुणी वाचला नव्हता. जिथं वाचलं तिथं लिहा."

स्वप्नालीनं फोन काढला, लिहिलं आणि पुढं धरला. आबांच्या आजाराचं कारण समजलं, सगळ्यांचा गैरसमज दूर झाला, असं होतं.

"सगळ्यांचा नव्हता, तुमचा होता. आणि माझं नाव घाला."

"तेव्हा नाव घातलंच नव्हतं गं."

"म्हणूनच आता घाला."

स्वप्नालीनं आधीचं सगळं खोडलं. मग तिनं लिहिलं. करिष्मानं अक्षर न् अक्षर वाचून घेतलं, माल पास करताना वाचत असेल तसं, आणि मान हलवली. खिडकीशी नवनाथचा फोन वाजला. त्यानं उघडून बघितलं, काहीतरी लिहायला घेतलं, खोडलं.

"चल बाई आता घरी," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "चहा कर आमाला."

"आज सेकंड शिफ्ट आहे, आई. कंपनीची बस पाच मिनिटांत येईल."

"मग शिफ्ट सुटल्यावर?"

करिष्मानं नवऱ्याकडे बघितलं. त्याचं बोट अजून स्क्रीनवरच होतं. ती खाटेपाशी आली, सासऱ्यांचा थडथडता हात क्षणभर दोन्ही हातांत धरला आणि सोडला.

"ते अजून ठरलं नाही," ती म्हणाली, आणि बॅग उचलून जिना उतरून गेली.

नवनाथनं फोन खिशात टाकला. एकदा बहिणीकडे बघितलं, एकदा आईकडे. मग काही न बोलता तोही दाराबाहेर पडला. जिन्यावर आधी त्याच्या चालण्याचा आवाज आला, मग धावण्याचा. खाली बस येऊन थांबल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ सुटल्याचा.

रुक्मिणीबाई दाराकडे बघत उभ्या राहिल्या. त्या कुणाची वाट बघत होत्या, एकाची की दोघांची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.